चार पायऱ्या कोरड्या

दुपारची नमाज आणि जेवणं आटोपली की आमच्या नदीकाठची घरं पेंगायला लागतात. होड्यांची इंजिनं थांबतात, पलीकडच्या रेडिओचा आवाज कुणीतरी कमी करतं, आणि घराखालच्या खांबांवर पाणी चुबुक चुबुक वाजतं तेवढंच उरतं. माझी लेक झोळीत बसून झोपते आणि माझी शाळा भरते.

बसून झोपते, हे खरंच. आमच्या बांजार लोकांत, म्हणजे या बेटावरच्या नदीकाठच्या माणसांत, तान्ह्या बाळाला झोळीत आडवं नाही, बसतं घालतात. पिवळ्या कापडाची झोळी, आत पाय दुमडून बसलेलं बाळ, आणि दुसरं कापड मानेपासून छातीपर्यंत असं गुंडाळायचं की मान कलू नये. पोटात होतं तसं आवळून बसलं की बाळाला वाटत असावं, जन्माला यायला अजून अवकाश आहे. मग ते निवांत झोपतं. झोळी तुळईला टांगलेल्या जाड स्प्रिंगला अडकवलेली असते, त्यामुळे ती पुढेमागे झुलत नाही, वरखाली होते. माझ्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली, तिचं दुसरं टोक झोळीला. मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल, आणि अंगठा आपला मधूनमधून एक हलका हिसका देतो. कीच्... कीच्...

तिला सगळे अलुह म्हणतात. आमच्याकडे कुठल्याही लाडक्या मुलीला अलुह म्हणतात. तिचं खरं नाव मोठं आणि सुंदर आहे, पण ते शाळेत घालू तेव्हा काढू बाहेर, असं ठरलंय.

लग्नाआधी मी बांधकामाचे नकाशे काढायची. पुलाच्या रेघा माझ्या हातच्या, पण खांब चिखलात किती खोल जायचा तो आकडा शेजारच्या खोलीतून यायचा. मी तो सुबक अक्षरात लिहायची. इतकाच का, जास्त का नाही, असं विचारलं की सगळे हसून म्हणायचे, “त्याला गणित लागतं, राउदाह.” जणू गणित म्हणजे दूरच्या बेटावर मिळणारा मसाला. मी लिहायची आणि मनात म्हणायची, एक दिवस मी त्या खोलीत जाऊन बसेन.

अलुह पोटात असताना मी इंजिनिअरिंगच्या पदवीला अर्ज केला. जागा मिळाली, पण अटीवर. ज्यांच्या शिक्षणात खंड पडलाय किंवा शाळेत ज्यांचं गणित कच्चं राहिलंय, त्यांनी सुट्टीत गणिताच्या पूर्वतयारीचा वर्ग करायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. पास झालात तर पहिल्या वर्षात बसा. नाही झालात तर जागा दुसऱ्याला, तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून या. पुढच्या वर्षी अलुह धावायला लागलेली असेल. कदाचित झोळीत दुसरं कुणी असेल. ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे काय ते आमच्या ओळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

म्हणून ही दुपार.

माझ्या सासूबाई दुपारच्या झोपत नाहीत. बाळाच्या नात्याने मीही त्यांना निनी म्हणते, म्हणजे आजी. त्या बिंगका करतात, अंडी, नारळाचं दूध आणि बटाट्याचा फुलाच्या आकाराचा गोड केक, आणि दुपारी दुसऱ्या दिवशीसाठी बटाटे सोलत बसतात.

“काय गं, आज पण आलाय का तो?”

“कोण, निनी?”

“तोच. तुझा साइन. माझा मुलगा कामावर गेला की रोज दुपारी येतो आणि जाताना तुझं तोंड एवढंसं करून जातो.”

“हळू ना! उठेल ती.”

“ती नाही उठत माझ्या बोलण्याने. उठलीच तर तुझ्या सुस्काऱ्यांनी उठेल. भाताच्या भांड्यातून वाफ निघावी तशी निघतेस तू.” मग बटाटा फिरवत, थोड्या मऊ आवाजात, “कसा दिसतो तरी? दाखव.”

मी पुस्तकातली ती वळणावळणाची रेघ दाखवली. त्यांनी चष्मा नाकावर ढकलला.

“हा? हा तर साधा दिसतो. लाजाळू आहे. वर गेला की लगेच मान खाली घालतो.”

मला हसू आलं, आणि हसता हसता झोळीकडे लक्ष गेलं. झोळी वर जात होती. अगदी वर गेली की क्षणभर थांबायची. तिथे ती कुणाचीच नसायची, स्प्रिंगचीही नाही, जमिनीचीही नाही. मग खाली यायला लागायची, मध्यावर धावत असायची, आणि तळाशी पुन्हा तसाच एक विसावा. पुस्तकात लिहिलं होतं की टोकाला बदलाचा वेग शून्य असतो आणि मध्यावर सर्वांत जास्त. मी ते वाक्य कितीतरी वेळा वाचलं होतं. आता ते माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्या कापडात झोपलं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब घेऊन.

त्या दिवसापासून मला सगळीकडे तीच रेघ दिसायला लागली. खिडकीखालून जलपर्णीचे हिरवे पुंजके भरतीबरोबर नदीच्या उलट दिशेने वर जातात आणि ओहोटीबरोबर तेच परत खाली येतात. मी तांदूळ धुवायला उतरले की वाटायचं, सकाळी हाच पुंजका वर जाताना भेटला होता. सगळं जातंय आणि परत येतंय. नदीसुद्धा श्वास घेते, दिवसातून एकदा.

वर्ग सकाळचा असायचा. आम्हाला शिकवायच्या इबू माहरिता, इबू म्हणजे बाई. किडकिडीत बाई, डोक्यावरच्या रुमालाला कायम खडूची पावडर, टेबलाच्या कडेला बर्फाच्या चहाची पिशवी स्ट्रॉसकट खिळ्याला टांगलेली. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि विचारलं, “शून्य कुठे ठेवू?”

“डाव्या टोकाला, इबू,” सगळा वर्ग म्हणाला.

“का?”

सगळ्यांनी वहीत मान घातली. त्यांनी चहाचा घोट घेतला, शून्य डाव्या टोकाला ठेवलं आणि पुढे गेल्या.

माझ्या शेजारी मिला बसायची. नुकतीच शाळेतून आलेली, बडबडी, नखांवर मेंदी. ती मला कक म्हणते, म्हणजे ताई.

“कक राउदाह, तुमच्या अंगाला मस्त वास येतो.”

“दुधाचा येत असेल.”

“नाही, बिंगकाचा. मला गणित सुचत नाही, भूक लागते.”

तिच्यासाठी मी रोज बिंगकाची एक पाकळी न्यायला लागले. त्या बदल्यात ती मला मी शाळेत कधीच न शिकलेली, किंवा शिकून विसरलेली गणितं समजावायची. ती भराभर सोडवायची, मी सावकाश. तिच्या डोक्यात सूत्रं रांगेत उभी असत. माझ्या डोक्यात अलुहने दूध प्यायलं असेल का, हा प्रश्न सगळ्या सूत्रांच्या पुढे येऊन बसायचा.

मग सरावाची परीक्षा झाली. त्यातला एक प्रश्न पाहून मला इतका आनंद झाला की मी पेन्सिल खाली ठेवून जरा हसून घेतलं. नदीची भरती-ओहोटी! पाणी अमुक वेळी सर्वांत वर, अमुक वेळी सर्वांत खाली. दिवसभराचा आलेख काढा, आणि पाणी सर्वांत झपाट्याने कधी चढतं ते सांगा. हा प्रश्न जणू आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट वर्गात आला होता. मी झोळी आठवली, नदी आठवली, आणि एक देखणी रेघ काढली.

पेपर परत देताना इबू माहरितांनी माझा उचलून धरला.

“राउदाह, तू कुठल्या नदीवर राहतेस?”

मी नाव सांगितलं.

“मीही त्याच नदीवर राहते. माझ्याकडे भरतीला पाणी चढतं. तुझ्याकडे उतरतं वाटतं?”

वर्ग हसला. मिलासुद्धा हसली, मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, “सॉरी, कक.” मी पेपर घेतला. माझी देखणी रेघ बरोबर उलटी होती. जिथे डोंगर हवा तिथे दरी. झपाट्याची वेळ बरोबर होती, पण त्यापुढेही मी लिहिलं होतं की तेव्हा आकडा कमी होतो. सगळ्यावर एकच लाल रेघ.

घरी आले. अलुहला घेतलं, पाजलं, आणि मागच्या दारात पायऱ्यांच्या वर बसले. आमच्या प्रत्येक घरामागून एक लाकडी शिडी नदीत उतरते. अंघोळ, धुणं, होडी बांधणं, सगळं तिच्यावर. मी पाण्याकडे बघत होते. आलेख कसा उलटा झाला ते काही केल्या समजत नव्हतं. तेवढ्यात भाजीची होडी घेऊन शेजारची अचिल, म्हणजे मावशी, जुमियाती खालून ओरडली,

“राउदाह! किती?”

आणि मी, काही विचार न करता, ओरडले, “चार कोरड्या!”

ती होडी लावायला वळली, आणि मी तशीच बसून राहिले, तोंड उघडं.

चार कोरड्या. आम्ही असंच मोजतो. लहानपणापासून. पाणी किती आहे हे आमच्या ओळीत कुणी विचारत नाही, किती पायऱ्या कोरड्या उरल्या तेच विचारतात. सहा कोरड्या म्हणजे चिखल दिसतोय, होडी काढू नका. एक कोरडी म्हणजे चटया वर घ्या. पाणी चढलं की आमचा आकडा कमी होतो, उतरलं की वाढतो. आमचं शून्य आमच्या पायाखाली असतं, स्वयंपाकघराच्या फळ्यांवर. तिथून आम्ही खाली बघतो. परीक्षेतलं शून्य नदीच्या तळाशी होतं, गाळात, जिथे आमच्यापैकी कुणी कधी उभं राहिलेलं नाही.

चूक कळली म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण वाईटच वाटलं. एखादा नियम विसरला असता तर पाठ केला असता. हे विसरायचं कसं? मी डोळे मिटले की मला वरूनच दिसतं.

त्या संध्याकाळी बाळाच्या बाबांचा, अबाहचा, फोन आला. ते टगबोटीवर आहेत, कोळशाची बार्ज ओढत नदीतून समुद्राच्या तोंडापर्यंत नेतात आणि आठवडेच्या आठवडे येत नाहीत. रेंज मिळाली की फोन करतात.

“काय म्हणते माझी लेक?”

“दात येताहेत. मला चावते.”

“आणि माझी बायको? तिला कुठले दात येताहेत?”

“मला हसले आज वर्गात.”

“कोण? नावं दे. बार्जच्या मागे बांधून समुद्रापर्यंत नेतो.”

मी सगळं सांगितलं. मग विचारलं, “अबाह, तुम्ही टगवर पाणी कुठून मोजता?”

“पाण्याच्या वरच्या अंगापासून खाली. बोट किती बुडालीय ते बघतो.”

“तळापासून नाही?”

“तळापासून मोजायची वेळ आली म्हणजे बोट रुतली, बाई.” पलीकडून इंजिनाचा आवाज आला, मग पुन्हा त्यांचा, “तू रुतू नकोस हं. जिथून दिसतं तिथून बघ.”

“तिथून बघितलं म्हणूनच तर शून्य मिळालं.”

“मग मला काय कळतंय. लेकीचा आवाज ऐकव.”

मी फोन झोळीत धरला. ती त्यात श्वास घेत राहिली, आणि ते तिकडे ऐकत राहिले. 

पुढचे दिवस मी स्वतःला नदीच्या तळाशी उभं केलं. प्रत्येक गणिताआधी डोळे मिटून चिखलात उतरायचं, मान वर करून पाणी डोक्यावर चढताना बघायचं. उत्तरं बरोबर यायला लागली, पण वेळ दुप्पट. मध्येच पाय सुटायचा, मी भसकन वर यायची आणि रेघ उलटी व्हायची. एका दुपारी पुस्तकावरच डोळा लागला. स्वप्नात मी तळाशी बसले होते. वर, खूप वर, हिरवं पाणी होतं, आणि पाण्याच्याही वर पिवळी झोळी येत होती, जात होती, तिची सावली माझ्या तोंडावरून फिरत होती. मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं, पण पायांना आकडे बांधलेले. जागी झाले तेव्हा अंगठ्याची सुतळी ताणली होती आणि अलुह डोळे टक्क उघडून माझ्याकडे वरून बघत होती. वरून. ती हसली. दोन नवे दात, तांदळाच्या कणीएवढे.

“उठ, नाहीतर माशी जाईल तोंडात,” निनी म्हणाल्या. “घोरत होतीस. तुझा साइनसुद्धा पळाला.”

परीक्षेच्या दिवशी मोठी भरती होती. निघताना एकच पायरी कोरडी उरली होती. निनींनी चटया गुंडाळून वर ठेवल्या होत्या. अलुह रात्रीपासून किरकिरत होती, बाटली तोंडात घेत नव्हती. मी दारात घुटमळले.

“जा,” निनी म्हणाल्या. “तू इथे थांबलीस तर तिचे दात आत जाणार आहेत का?”

“पण प्यायलीच नाही तर?”

“नाही प्यायली तर मी बघते. माझ्यावर सोड. चार मुलं वाढवली मी, त्यातला एक तुझ्या गळ्यात बांधला, तो मोठा झालाच ना?”

पेपर सुरू झाला. पहिले प्रश्न बरे गेले. मिलाने समजावलेलं हाताशी आलं, ओळीने उभं राहिलं. मग मी पान उलटलं, आणि तो प्रश्न तिथे होता. नदीवर एक पूल. नदीच्या तळापासून पुलाचं पोट चार मीटरवर. पाण्याची उंची तळापासून दोन मीटर, आणि त्यात ती साइनची रेघ, कधी मीटरभर जास्त, कधी मीटरभर कमी, दिवसातून एकदा. एका होडीला पुलाखालून जायला दीड मीटर मोकळी जागा लागते. तिला कोणत्या वेळात थांबून राहावं लागेल?

गुण याला सर्वांत जास्त होते. मी डोळे मिटले आणि चिखलात उतरले.

अर्धं पान लिहिलं. तळाशी उभं राहून होडी कशी बघायची ते कळेना. चारातून वजा केलं, मग वाटलं वजा नको, मिळवायचं. खोडलं. पुन्हा लिहिलं. बाणाचं टोक वर करायचं की खाली? पाणी चढतंय म्हणजे जागा... आणि तेवढ्यात खिडकीबाहेर पहारेकऱ्याचा आवाज, आणि त्याला उत्तर देणारा एक ओळखीचा.

“बाई, इथे काय टांगताय?”

“नात.”

“अहो, इथे परीक्षा चालू आहे!”

“म्हणून तर आले. हिची आई आत आहे. घरी हिने रडून छप्पर उचललं. ही तुळई धरेल ना हो? इंजिनिअरांची इमारत आहे म्हणे.”

“तुळई धरेल हो, पण माझी नोकरी नाही धरणार!”

“घ्या, बिंगका खा. गरम आहे.”

वर्गात खसखस पिकली. मिलाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. माझा चेहरा कानापर्यंत तापला. इबू माहरिता उठल्या, दारापर्यंत गेल्या, बाहेर बघत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं. त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “पेपर तुमच्यासमोर आहे, खिडकीत नाही.” एवढंच.

बाहेर अलुह रडत होती. माझं दूध दाटून आलं, कुडता ओला झाला, मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक छातीवर ओढून घेतलं. आकडे दिसेनात. कीच्, कीचकीच्, कीच्, स्प्रिंगचा आवाज वेडावाकडा येत होता. ती आत हातपाय झाडतेय, हे मला न बघता कळत होतं. मी पेन्सिल धरून नुसती ऐकत बसले. किती वेळ, ठाऊक नाही.

मग आवाज बदलला. कीच्... कीच्... कीच्... एकसारखा. लांब, सावकाश. ती झोपली होती.

त्या आवाजात सगळं सैल झालं. झोळी तुळईपासून खाली लोंबत होती, आणि मला भिंतीपलीकडून दिसत होतं, ती किती खाली येते, किती वर जाते. मी तिला जमिनीपासून कधी मोजलंच नव्हतं. तुळईपासून खाली, तेवढीच माझी लेक. आणि पुलावरून खाली, तेवढीच मोकळी जागा. होडीला तळाशी काय कर्तव्य? होडीवाला वर पुलाच्या पोटाकडे बघतो आणि विचारतो तेच, जे अचिल जुमियाती रोज विचारते. किती कोरडं?

मी अर्ध्या पानावर एक सरळ रेघ मारली. खाली नव्याने लिहिलं: ‘मी शून्य पुलाच्या पोटाला धरलं आहे आणि खाली मोजते आहे.’ मग मनातल्या मनात पुलावर गेले, कठड्यावरून वाकले आणि खाली बघितलं. पाणी शांतपणे चढत होतं आणि माझा आकडा कमी होत होता, जसा तो माझ्या जन्मापासून होत आलाय. रेघ माझी माझ्याच हातून उतरली, दरी असलेली, उलटी, देखणी. दीड मीटरवर आडवी रेघ ओढली. पाणी मधल्या रेषेवरून चढायला लागल्यापासून दोन तासांनी होडी अडते, दहाव्या तासाला सुटते. तोवर होडीवाल्याने काय करावं? बसावं, चहा प्यावा, जलपर्णी वर जाताना बघावी. ते मी लिहिलं नाही.

शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. घंटा झाली.

बाहेर पडले तर इबू माहरिता माझ्याआधीच झोळीपाशी उभ्या होत्या, बगलेत आमचे पेपर. पहारेकरी कोपऱ्यात बिंगका खात होता आणि कुठेच बघत नव्हता. निनी जमिनीवर बसून सुतळी ओढत होत्या.

“झोळी जरा खाली लोंबते,” इबू निनींना म्हणाल्या.

“ती आता जड झालीय. आणि वरून स्प्रिंगही जुनी.”

इबूंनी माझा पेपर गठ्ठ्यातून काढला. तिथेच, उभ्या उभ्या, खोडलेलं अर्धं पान बघितलं, मग खालचं. 

“पुन्हा उलटी,” त्या म्हणाल्या.

“हो, इबू.”

“या वेळी मुद्दाम?”

“हो. आमच्याकडे असंच मोजतात. वर लिहिलंय मी, कुठून मोजतेय ते.”

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. “मागच्या वेळी लिहिलं नव्हतंस.”

“मागच्या वेळी मला माहीतच नव्हतं की मी कुठून तरी मोजतेय.”

त्यांनी पेपर गठ्ठ्यात घातला, जाता जाता दोन बोटांनी झोळीला हलका धक्का दिला आणि ती एकदा वर जाऊन खाली येईपर्यंत थांबल्या. मग खडूच्या पावडरीचा पुसट डाग पिवळ्या कापडावर ठेवून निघून गेल्या.

निकालापर्यंतच्या दिवसांत मी पुस्तक उघडलं नाही. अंगठा मात्र सवयीने हलत राहिला. एका सकाळी मी अंडी फेटत होते, निनी भट्टीपाशी होत्या, आणि फोन वाजला. मिला. ती इतकी ओरडत होती की काहीच कळेना.

“कक! कक! आपण दोघी! तुम्ही काठावर, पण पास! काठावर!”

“काय झालं?” निनींनी विचारलं. “कुणी मेलं का?”

“पास झाले, निनी. काठावर.”

“मग? आपण काठावरचीच माणसं.” त्या वळल्या, पिठाचा हात पुसायला फडकं शोधू लागल्या, सापडलं नाही म्हणून माझ्याच खांद्याला पुसला, आणि तिथे तो हात तसाच जरा वेळ राहू दिला. “म्हणजे आता तो साइन कायमचा राहायला येणार.”

“त्याचे सगळे नातेवाईकही येणार आहेत. चार वर्षं.”

“येऊ देत. बिंगका जास्त लावावा लागेल.”

संध्याकाळी अबाहला सांगितलं. पलीकडे ते कुणाला तरी ओरडून काही म्हणाले. मग टगबोटीचा भोंगा वाजला, लांबलचक, एकदा. “मी नाही हं वाजवला,” ते म्हणाले. “आमच्या कप्तानाने वाजवला. मी फक्त त्याला सांगितलं.”

उद्या पहिल्या वर्षाचा पहिला तास आहे. आज दुपारी अलुहला झोळीत घातलं तेव्हा झोळीचा तळ जवळजवळ फळ्यांना टेकला. खरंच जड झालीय ती. झोळी आता पूर्वीपेक्षा सावकाश वरखाली होते, मोठ्या माणसासारखी, घाई नसलेली. असं का होतं त्याचं सूत्र पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे, मी चोरून पुढचं पान बघितलं. पण अजून ते वाचायचं नाही.

झोळीसकट तिला निनींच्या मांडीवर देऊन मी स्टुलावर चढले, तुळईवरची गाठ सोडली आणि वीतभर वर बांधली. खालून अचिल जुमियातीची हाक आली, “राउदाह! किती?”

बाळ झोपलं होतं, म्हणून मी ओरडले नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि चार बोटं दाखवली.